घंटेआधीची न्याहारी

नरकचतुर्दशीच्या पहाटेची गोष्ट बहुतेक घरांत सारखीच असते. एरवी सात हाका मारल्याशिवाय जे पोर पांघरुणाबाहेर पाय काढीत नाही, ते त्या दिवशी चार वाजता आपण होऊन उठून बसते. तेल, उटणे, कढत पाणी, पायाखाली चिरडलेले कारीट असे सगळे सोपस्कार आटोपून ते उजाडायच्या आत फराळाच्या ताटासमोर मांडी घालते आणि चकलीपासून करंजीपर्यंत कशालाही ‘नको’ म्हणत नाही. मग सुटी संपते. शाळा उघडते. आणि पंधरा दिवसांपूर्वीचा तोच वीर सकाळी दुधाच्या पेल्याकडे असा पाहू लागतो, की जणू कोणी त्यात एरंडेल कालवले आहे.

माझा नातू सहावीत आहे. सहा वाजून चाळीस मिनिटांनी त्याची बस गल्लीच्या तोंडाशी येते. सव्वासहा ते सहा-चाळीस या पंचवीस मिनिटांत आमच्या घरात जे चालते, त्याला न्याहारी म्हणावे की लढाई, हे मला अजून ठरवता आलेले नाही. सून डब्यात गुंतलेली, मुलगा बूट शोधतो आहे, आणि मी एका हातात ताटली घेऊन नातवाच्या मागे मागे हिंडते. एका सकाळी तो वैतागून म्हणाला, “आजी, तुमच्या वेळी पण असंच होतं का गं?” मी सवयीने ‘छे’ म्हणणार होते, पण थांबले. आमच्या वेळी खरोखर काय होते, आणि आमच्या आधी, आमच्या आज्यांच्या वेळी काय होते, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. चाळीस वर्षे मास्तरकी केली, इतिहास शिकवला, तह आणि लढाया पाठ करून घेतल्या. पण समोर बसलेली मुले काय खाऊन आली आहेत, हा इतिहास कोणत्याच इयत्तेला नव्हता.

आधी शब्दांकडेच पाहावे. ‘नाश्ता’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. मौज अशी की मूळ फारसीत ‘नाश्ता’ म्हणजे उपाशीपोटी, सकाळपासून काही न खाल्लेला! उपाशी पोटाचे नाव त्या पोटात पडणाऱ्या घासाला मिळाले. आमच्या बसच्या थांब्यावर उभी असलेली निम्मी मुले त्या जुन्या अर्थाने रोज ‘नाश्त्या’वरच असतात म्हणायची. ‘न्याहारी’चे नाते कोशकार ‘नहार’ या शब्दाशी जोडतात. अरबीत नहार म्हणजे दिवस. दिल्ली-लखनौकडची ‘निहारी’ही त्याच कुळातली. संस्कृतात सकाळच्या खाण्याला ‘प्रातराश’ असा भारदस्त शब्द आहे, आणि ‘कल्यवर्त’ असा दुसराही आहे; पण या कल्यवर्ताचा आणखी एक अर्थ कोशात दिलेला असतो, तो म्हणजे क्षुल्लक वस्तू. सकाळचे खाणे म्हणजे किरकोळ गोष्ट, ही समजूत किती जुनी आहे पाहा. शास्त्रांनी गृहस्थाला दोन वेळचे जेवण नेमून दिले आणि मधे खाऊ नये असे बजावले. मुलांना अर्थात कोणतेच शास्त्र लागू नव्हते. त्यांना भूक लागे आणि आईला ती दिसे.

शाळा मात्र सकाळीच भरे. पंतोजींच्या शाळेला ना सरकारी घड्याळ ना घंटा. उजाडले की मुलांनी यायचे, मधे घरी जाऊन जेवायचे, पुन्हा दुपारी यायचे. बल्लारीचा कलेक्टर कॅम्बेल याने १८२३ साली आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा एक अहवाल मद्रास सरकारला धाडला. तो वाचण्यासारखा आहे. त्या जिल्ह्यात ५३३ शाळा होत्या. बहुतेक कानडी आणि तेलुगू, पण २३ मराठीही होत्या. शाळा सकाळी सहा वाजता उघडे. जे मूल सर्वांत आधी येई त्याच्या तळहातावर मानाची खूण म्हणून ‘सरस्वती’ हे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे स्तुतीही नाही आणि निंदाही नाही. तिसऱ्याला एक हलकी छडी, चौथ्याला दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला एकेक वाढवून. वर्गात तीस मुले असतील तर शेवटच्याची काय गत होत असेल, हे गणित मुलांना कोणी शिकवावे लागले नसेल! मी मास्तरीण असल्यामुळे या पद्धतीचे मला आधी हसू आले. मग मनात आले, की तळहातावर सरस्वती उमटवून घेण्यासाठी धावत सुटलेले ते पोर घरातून काय खाऊन निघत असेल?

कॅम्बेलने त्याचे उत्तर दिलेले नाही. परंतु त्याच अहवालात त्याने लिहून ठेवले आहे, की नऊ लाखांहून अधिक वस्तीच्या जिल्ह्यात शाळेत येणारी मुले साडेसहा हजारांच्या आसपासच आहेत, आणि याचे कारण देशाला सर्वत्र येत चाललेले दारिद्र्य हे आहे. रिकामे पोट आणि रिकामी पाटी यांचा संबंध एका गोऱ्या अंमलदाराला दोनशे वर्षांपूर्वी दिसला होता.

त्या काळच्या घरांत सकाळी काय शिजत असेल, याचे अनुमान मात्र करता येते, कारण शिजवण्यापूर्वी काय काय करावे लागे हे आपल्याला ठाऊक आहे. घरची बाई पहाटे, चांदणी डोक्यावर असताना, जात्यावर बसे. आपल्या ओव्यांचे अमाप धन त्या जात्यावर जन्मले. त्याचे आपण कौतुक करतो. पण ती बाई तेव्हा दळत होती ते कशासाठी? दिवसभराच्या भाकरीसाठी. दळण साठवून ठेवण्याची सोय बेताची. बाजरीचे पीठ तर लवकरच कडवट होते. म्हणजे आधी दळायचे, मग पाणी आणायचे, मग चूल पेटवायची. लाकडे ओली असली तर फुंकणीने फुंकून डोळे लाल करायचे. पहिली भाकरी तव्यावर पडेपर्यंत सूर्य हातभर वर आलेला असे. उजाडताच उठलेल्या मुलाला तोवर कोण थांबवणार? म्हणून त्याच्या हातावर रात्रीची भाकरी पडे. ताकात किंवा दुधात कुस्करलेली, नाहीतर तेल-तिखट लावून गुंडाळलेली. शिळ्या भाकरीला आपण गरिबीची खूण मानतो; पण ज्या घरी दहा गाई होत्या त्या घरच्या मुलांनाही सकाळी ताजे मिळत नसे. ताजे मिळण्याची वेळच झालेली नसे. शेतावर जाणाऱ्यांची खरी न्याहारी त्यानंतर, दिवस चांगला वर आल्यावर, बांधावर होई. आणि ती इतकी ठरल्या वेळी होई की ‘न्याहारीच्या वक्ताला’ असे म्हटले की सर्वांना वेळ समजे.

कोकणात आणि गोव्यात भाकरीऐवजी पेज. माझी आजी रत्नागिरीकडची. ती पुण्याला येऊन पन्नास वर्षे झाली तरी सकाळी तिला उकड्या तांदळाची पेज लागे. वर मिठाचा खडा आणि लोणच्याची फोड. आम्ही नातवंडे नाके मुरडायचो. आता आहारशास्त्र सांगते, की भात तुसासकट उकडला म्हणजे कोंड्यातले ‘ब’ जीवनसत्त्व दाण्याच्या आत उतरते आणि पुढे कांडण झाले तरी बरेचसे टिकते. आजीला जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता. “पेजेनं पोट धरतं,” एवढेच ती म्हणे. गोव्यात पेजेला सोबती म्हणून पाव आला, तो पोर्तुगिजांबरोबर, शब्दही त्यांचाच. पहाटे सायकलवरून भोंगा वाजवीत येणारा पोदेर आजही तिकडच्या कित्येक गावांत मुलांना उठवतो. बेकरीवाल्याने उठवावे आणि त्यानेच खाऊ घालावे, ही सोय आम्हा घाटावरच्यांच्या नशिबी नव्हती.

इंग्रजी अमलात शाळेला घड्याळ लागले. कचेरीची वेळ तीच थोड्याफार फरकाने शाळेची झाली, साडेदहा-अकरा ते पाच. त्याचा एक परिणाम असा झाला, की शहरांतल्या नोकरदार घरांत सकाळचे जेवणच पुढे ओढले गेले. साडेनऊला पाने मांडली जात. बाप कचेरीला आणि मुले शाळेला वरण-भात जेवून निघत. अशा घरात न्याहारी ती काय असणार? पोथीवरची धूळ झटकावी तसा एखादा लाडू तोंडात. घड्याळाचे हे राज्य सर्वांनी निमूटपणे पत्करले असे मात्र नाही. देशाची प्रमाणवेळ १९०६ साली ठरली, तरी मुंबईतली काही घड्याळे १९५५ पर्यंत आपली ३९ मिनिटे मागची मुंबई-वेळच दाखवीत राहिली. सकाळच्या शाळेला निघालेल्या पोराला ती ३९ मिनिटे किती गोड वाटली असती!

याच सुमारास स्वयंपाकघरात चहा शिरला. आज ज्या घरात घाई असेल तिथे मुलाच्या पुढे चहा आणि बिस्किटे सरकवली जातात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. पण पुण्यात १८९० साली याच दोन वस्तूंनी केवढा गहजब केला होता! पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातली मोठी मोठी मंडळी जमली होती. रानडे होते, टिळक होते. व्याख्यान संपल्यावर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती हाती धरली. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी खोडसाळपणे हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवून आणली, आणि मग जे ग्रामण्य माजले ते शंकराचार्यांपर्यंत गेले. चौकशी झाली, बहिष्काराची भाषा झाली, प्रायश्चित्ते झाली. ज्या बिस्किटासाठी तेव्हा प्रायश्चित्त घ्यावे लागले, ते आज बाळाच्या हातचे पहिले खेळणे आहे. १९०३ साली चहावर कर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला, आणि पुढे १९३०च्या दशकात, जगात मंदी आल्यावर, मळेवाल्यांनी देशी गिऱ्हाइकाकडे खरे लक्ष वळवले. पार्ल्याचा कारखाना १९२९चा. तिथे बिस्किटे निघू लागली १९३९ साली. प्रायश्चित्ताला पन्नास वर्षेही झाली नव्हती.

मी चहाची वैरीण नाही. मला स्वतःला तो दोनदा लागतो. तथापि वाढत्या मुलाच्या न्याहारीबरोबर चहा देऊ नये असे जे डॉक्टर सांगतात, त्याला कारण आहे. चहातली तुरट द्रव्ये अन्नातले लोह अंगी लागू देत नाहीत. उलट लिंबू ते अंगी लागायला मदत करते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची चाल कोणी पाडली कोण जाणे, पण पाडली त्याला दुवा द्यावा.

पोह्यांचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबते, कारण सकाळच्या घाईवर सापडलेला हा आपला सर्वांत जुना तोडगा आहे. भात भिजवायचा, भाजायचा आणि गरम असतानाच कुटून चपटा करायचा. एवढे केले की तो अर्धाअधिक शिजलेलाच. पुढे नुसता पाण्याचा हात लागला तरी खाण्याजोगा होतो. संस्कृतात याला ‘पृथुक’ म्हणतात. सुदाम्याच्या बायकोने शेजाऱ्यांकडून मागून आणलेले चार मुठी पृथुक भागवतात आहेत, ते हेच. पण सुदाम्याने जर आजचे कांदेपोहे पाहिले असते तर त्याला ओळख पटली नसती. त्यातली मिरची, त्यातला बटाटा, त्यातले शेंगदाणे ही सगळी अमेरिका खंडातली पिके. युरोपीय दर्यावर्दी तिकडे जाऊन आल्यानंतरची. म्हणजे ज्याला आपण अस्सल मराठी न्याहारी म्हणतो, आणि ज्याच्या ताटलीमागून कितीएक मुलींची लग्ने ठरली किंवा मोडली, त्याचा मूळ दाणा पौराणिक असला तरी साज परदेशी आहे. मला यात खंत करण्यासारखे काही दिसत नाही. चांगला पदार्थ सोयरीक करताना गोत्र पाहत नाही.

सांगायचे ते असे, की ‘झटपट’ खाणे ही आजची नवलाई नव्हे. जुन्या घरांतही सकाळी वेळ नसेच. म्हणून वेळ आधीच काढून ठेवलेला असे. उन्हाळ्यात भाजणी भाजून ठेवायची, म्हणजे पावसाळ्यातल्या सकाळी नुसते पीठ भिजवून थालीपीठ लावता येते. मेतकूट डब्यात असले की मऊ भात, तूप आणि चिमूटभर मेतकूट एवढ्यात पोर खूश. सातूचे पीठ गूळ-दुधात कालवायचे, त्याला चूलसुद्धा नको. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून तिचे सत्त्व करून ठेवायचे. मोड आणण्याचे हे कष्ट फुकट नव्हते: मोडांमुळे नाचणीतल्या पिठूळपणाचे विघटन होते आणि खीर पातळ राहूनही तिच्यात अन्न अधिक बसते, म्हणजे लहान पोटात जास्त मावते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदूळ आणि गहू तिच्या जवळपासही नाहीत. निलगिरीतल्या कुन्नूर येथील प्रयोगशाळेतून आयक्रॉइड यांनी १९३७ साली हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले, तेव्हापासून असली माहिती आकड्यांत मिळू लागली. पण आकड्यांनी नाचणीची प्रतिष्ठा वाढली नाही. ती गरिबाघरची, काळी म्हणून बाजूला पडली होती. २०२३ साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले, आणि आता तीच चकचकीत पाकिटातून चौपट दराने माझ्या सुनेच्या हाती येते.

या सगळ्या तयारीत एक गोष्ट आम्ही सोयीस्करपणे विसरतो. सकाळचा वाचलेला तो वेळ कोणाच्या तरी दुपारीतून कापलेला असे. भाजणी आपली आपण भाजली जात नाही. जुन्या न्याहारीचे गोडवे गाणाऱ्या पुरुष लेखकांनी एकदा चैत्रातल्या दुपारी चुलीपुढे पाच धान्ये भाजून पाहावीत.

ऊन ऊन न्याहारी शाळेआधी मुलाच्या पुढे यायला तीन गोष्टी घडाव्या लागल्या. पहिली, पिठाची गिरणी. तिने पहाटेचे दळण संपवले. दुसरी, रॉकेलचा स्टोव्ह. त्याने चूल फुंकणे संपवले. तिसरी, सांगायला विचित्र वाटेल, पण महायुद्ध. १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले. भातावर वाढलेल्या घरांत गहू आणि रवा कार्डावर येऊन पडला, आणि त्याचे काय करावे हे कळेना. माझी आई तेव्हा नवी नवरी होती, गिरगावातल्या चाळीत. ती सांगायची, की शेजारच्या बिऱ्हाडातल्या कानडी बाईंनी तिला उप्पीट शिकवले. मराठी घरांत सांजा होताच. पण मोहरी, उडदाची डाळ आणि कढीलिंब घातलेले हे रूप आईला नवे. कानडीत उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. नाव इतके साधे की त्यात सगळी कृती आली. “रेशनने तांदूळ नेला आणि उप्पीट दिलं,” असे आई म्हणे. गॅस आमच्याकडे फार पुढे आला. मुंबईत तो १९५५च्या सुमारास मिळू लागला होता, पण आमच्या पुण्याच्या वाड्यात स्टोव्हच्या पिनेने भोक साफ करण्याची विद्या मी दहाव्या वर्षीच शिकले होते.

आणि सोय होते न होते तोच शाळेने वेळ बदलली. स्वातंत्र्यानंतर मुलांची गर्दी झाली, इमारती मात्र तेवढ्याच. एका इमारतीत दोन पाळ्या भरू लागल्या. आमची मुलींची पाळी सकाळची, सात-दहाची, मुलांची दुपारची. माझा भाऊ दहा वाजता वरण-भात जेवून ऐटीत शाळेला जाई, आणि मी फोडणीची पोळी पदरात, म्हणजे फ्रॉकच्या खिशात, घेऊन पळे. घरात एकाच मुलासाठी सकाळी साडेसहाला स्टोव्ह पेटवायचा, तोही मुलीसाठी, हे आजीला पटायचे नाही. आईला पटायचे, पण रॉकेल मोजके. ती आदल्या रात्रीच्या पोळ्या कुस्करून, कांदा घालून, झाकून ठेवी. तो कुस्करा गार असायचा. मला अजून तसाच आवडतो.

आता जे लिहिणार आहे ते लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. सणाच्या अंकात असले काही नको असे वाटले. पण त्याशिवाय ही हकीगत पुरी होत नाही.

१९७२च्या दुष्काळात मी नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) एका खेड्यात नवी शिक्षिका होते. शाळा साडेसातला भरे. प्रार्थनेच्या वेळी तिसरीतली एक मुलगी रांगेत मट्कन खाली बसे. रोज नव्हे, दोन-तीन दिवसांनी. मी तिला सावलीत बसवी, पाणी पाजी, आणि उशिरा झोपत असेल म्हणून रागवे. चक्कर उन्हाने येते असे मी ऐकले होते. सकाळी साडेसातला ऊन कोठून, हे माझ्या डोक्यात आले नाही. आमचे म्हातारे हेडमास्तर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, कालच्या दिवसात ती काय जेवली ते विचारा.” मी विचारले. ती गप्प राहिली. आई-बाप दोघे खडी फोडायला जात. घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, भाकरी रात्री एकदा होई.

मग शाळेत सुकडी येऊ लागली. पीठ-गुळाचा तो कोरडा, भुरभुरीत खाऊ. त्या पिढीतल्या कोणालाही विचारा, नाव काढताच चव सांगतील. आम्हाला सक्त सूचना होती, की मुलांनी ती शाळेतच, आमच्या डोळ्यांदेखत खायची. ही मुलगी अर्धी खाई आणि अर्धी परकराच्या ओच्यात लपवी. माझ्या ते ध्यानात आले. नियम म्हणजे नियम. मी तिला सर्व वर्गासमोर उभे केले आणि ओचा सोडायला लावला. सुकडी जमिनीवर सांडली. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, “म्या समदी खाल्ली तर धाकल्याला काय नेऊ?”

माझे वय तेव्हा चोवीस होते. पुढे मी पुष्कळ वर्षे शिकवले. वर्गात पाऊल टाकल्यावर हजेरीआधी ‘काय खाऊन आलात?’ असे विचारण्याची सवय लागली ती तेव्हापासून. मुले खोटे सांगायला लवकर शिकतात. ‘पोहे खाल्ले’ असे सांगणाऱ्या मुलाचे ओठ कोरडे असत.

सरकारी पातळीवर या प्रश्नाची वाटचाल सावकाश झाली. मद्रास प्रांती कामराजांनी १९५६ साली शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. सबंध देशासाठी योजना आली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पण आपल्याकडे बरीच वर्षे जेवणाऐवजी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळे. आठवते मला, महिनाअखेरीस पिशव्या घेऊन आलेल्या आयांची रांग. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला आणि मग आपल्या शाळांत खिचडीचा वास दरवळू लागला. तो वास मला फार आवडे. तांदळाच्या पिशवीत धाकट्याचा, आजीचा, कर्जवाल्याचा वाटा असतो. थाळीतली खिचडी त्या मुलाचीच असते. सुकडी शाळेतच खायला लावण्याचा नियम ज्याने केला, त्यालाही हेच साधायचे होते, हे मला उशिरा कळले. नियम बरोबर होता. मी तो राबवला ती रीत वाईट होती, आणि धाकट्याचा प्रश्न नियमात कोठेच नव्हता.

पण खिचडी दुपारची. प्रार्थनेची रांग सकाळीच उभी राहते. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सकाळच्या पौष्टिक न्याहारीचा उल्लेख आला. तमिळनाडूने २०२२ साली सरकारी शाळांतल्या पहिली ते पाचवीच्या मुलांना सकाळची न्याहारी द्यायला प्रत्यक्ष सुरुवात केली. त्यात उपमा आहे, पोंगल आहे. महाराष्ट्राने घड्याळाच्या बाजूने हात घातला: २०२४-२५पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासनाने आदेश काढला. त्यावर बसवाले, दोन पाळ्यांच्या शाळा आणि कामावर जाणारे आईबाप यांनी काय काय म्हटले, ते वाचकांच्या घरी बोलून झालेच असेल. माझा नातू सहावीत असल्यामुळे तो त्या कृपेच्या बाहेर पडला.

शरीराचे म्हणणे साधे आहे. माणसाचा मेंदू वजनाने अंगाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. पण विसावलेल्या शरीराच्या खर्चातला पाचवा हिस्सा तो एकटा घेतो, आणि लहान मुलांत त्याचा वाटा याहून मोठा असतो. रात्री आठला जेवलेले मूल सकाळी दहाच्या मधल्या सुटीपर्यंत काही न खाता राहिले तर चौदा तासांचा उपास झाला. संकष्टीला आम्ही मोठी माणसेसुद्धा चंद्रोदयाआधी साबुदाण्याच्या खिचडीची सोय करून ठेवतो!

तेव्हा मी आता काय करते ते सांगते. नातवाच्या मागे ताटली घेऊन हिंडणे सोडले. उठल्या उठल्या कोणालाच भूक नसते. त्याला पंधरा मिनिटे आधी उठवते आणि आधी पाणी देते. जे द्यायचे ते रात्रीच अर्धे करून ठेवते. एक दिवस मोड आलेले मूग घातलेले पोहे, वर लिंबू. एक दिवस भाजणीचे छोटे थालीपीठ आणि घरचे लोणी. एक दिवस नाचणीचे सत्त्व दुधात शिजवून, खजूर कुस्करून. रात्रीच्या पोळ्या उरल्या की माझा तो कुस्करा. त्यात आता मी दाण्याचे कूट आणि कोथिंबीर सढळ हाताने घालते. तो तीन दिवस खातो, दोन दिवस अर्धे टाकतो. टाकलेले डब्यात जाते आणि बसमध्ये संपते, असे त्याच्या मित्राकडून कळले. बहुधा तो मित्रच संपवीत असावा. मी चौकशी केली नाही. गेल्या महिन्यापासून डब्यात दोन घास जास्त भरते.

यंदाचा चिवडा पातळ पोह्यांचा केला आहे, शेंगदाणे आणि डाळे जास्त घालून. नातवाने आतापासून सांगून ठेवले आहे, की शाळा उघडल्यावर सकाळी त्याला तोच हवा, दह्यात कालवून. भाऊबीजेपर्यंत उरला पाहिजे. म्हणून एक डबा मी फडताळात वरच्या फळीवर, पापडांच्या मागे, ठेवून दिला आहे.